मला सरोजाक्काचा हेवा वाटायचा

गणपतराव त्या सकाळी आमच्या जयनगरच्या घरी आले तेव्हा मी अंगणातल्या नळाखाली बादली लावून उभी होते. फाटक उघडून ते आत आले, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि न थांबता सरळ ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या आमच्या ह्यांच्यापाशी गेले. दोनच शब्द बोलले असतील. हे उठून उभे राहिले, त्यांनी गणपतरावांच्या खांद्यावर हात ठेवला… आणि मला कळलं, सरोजाक्का गेली. आता सहा आठवडे होऊन गेले. अशा वेळी माणसाला काही सुचत नाही म्हणतात. मला सुचलं. बादली भरून वाहायला लागली होती आणि मी मनात म्हणत होते, मैत्रीण माझी, मग बातमी आधी ह्यांना का? लाज वाटावी अशीच गोष्ट आहे. पण सरोजाक्काविषयी लिहायचं तर खोटं लिहून चालायचं नाही. एकदा मी तिच्याशी खोटं बोलले होते आणि ते मला फार जड गेलं.

आम्ही मूळचे बेळगावकडचे. राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा ह्यांची कचेरी बंगळूरला आली आणि कचेरीमागं आम्ही. बसवनगुडीत दोन खोल्यांची जागा, हे, मी आणि आमची बारा वर्षांची मुलगी. वर्षभरात न्हाताना डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ हाताला लागली. मी दोन महिने कुणाला बोलले नाही. मग एकदा दळण उचलताना कळ आली, ह्यांनी विचारलं, आणि चार दिवसांत मी मोठ्या दवाखान्यात खाटेवर होते. डॉक्टर जे काही बोलले ते ह्यांच्याशी, वऱ्हांड्यात. मला एवढंच सांगितलं की गाठ काढावी लागेल. किती काढलं ते मला शुद्धीवर आल्यावर उजव्या हातानं चाचपून कळलं. गाठीबरोबर सगळंच गेलं होतं, काखेपर्यंत.

शेजारच्या खाटेवर सरोजाक्का. माझ्या आदल्या दिवशी तिचीही तीच शस्त्रक्रिया झालेली, फक्त तिची उजवी बाजू. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, म्हणजे एकेचाळीस-बेचाळीसची. सावळी, रुंद कपाळाची, आवाज जरा घोगरा. तिच्या घरचे लोक तीन पिढ्यांपूर्वी इकडे आले ते इकडचेच झाले. तिच्या मराठीत निम्मी कानडी. "स्वल्प सरक", म्हणजे जरा सरक, "सरी सरी", म्हणजे बरं बरं, असं चालायचं. माहेर देवनहळ्ळीचं, आणि नवरा, म्हणजे हे गणपतराव, चिकपेटेत शिंपी. ती त्यांना ‘आमचे टेलर’ म्हणायची. मूलबाळ नव्हतं. मूल नाही म्हणून दोघं एकमेकांना इतकी धरून आहेत, अशी मी तेव्हा स्वतःची समजूत करून घेतली होती. काहीतरी समजूत करून घेणं मला भाग होतं, कारण गणपतराव रोज संध्याकाळी यायचे आणि भर वॉर्डात, वीस बायकांसमोर, बायकोचे केस विंचरून वेणी घालायचे. तिचा हात वर जात नव्हता ना. माझाही जात नव्हता. आमचे हे खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे, तिथं टांगलेला तक्ता वाचायचे, "जेवलीस?" म्हणून विचारायचे, आणि डबा स्टुलावर ठेवून मुलगी एकटी आहे म्हणून निघायचे. वाईट काहीच नव्हतं त्यांच्यात. पण मी त्या कंगव्याकडे बघत राहायची.

पट्ट्या सुटल्या त्या दिवशीचं मला शब्दनशब्द आठवतं. दोन खाटांच्या मधे पडदा ओढलेला. पलीकडून सरोजाक्का सिस्टरला म्हणाली, "जरा थांबा. आमचे टेलर बाहेर आहेत, त्यांना आत येऊ द्या."

"पुरुषांना आत घेता येत नाही," सिस्टर म्हणाली.

"उद्या घरी गेल्यावर बघणारच आहेत. आज तुम्ही आहात, काय विचारायचं ते तुम्हालाच विचारतील."

गणपतराव आत आले.  मी पडद्याकडे तोंड करून पडले होते. मग त्यांचा आवाज आला. "टाके सारखे नाहीत. एवढी लांब शिवण आणि मधे दोन टाके तिरके. माझ्या दुकानातनं असं गेलं असतं तर गिऱ्हाईकानं तोंडावर फेकलं असतं."

सरोजाक्का हसायला लागली. "अय्यो, हसवू नका, ओढतंय…" म्हणत हसत राहिली. आणि त्या हसण्याच्या खालून मला दुसरा आवाज ऐकू आला. गणपतराव नाक ओढत होते, रडत होते. मग माझ्या पट्ट्या सुटल्या. मी छताकडे बघत होते. हे बाहेर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांना बोलावलं नाही, आणि त्यांनीही आत येऊ का म्हणून विचारलं नाही. कुणी मला विचारलं की तुमच्यात दुरावा कधी आला, तर मी त्या बाकाचं नाव सांगेन.

घरी आल्यावर ह्यांनी आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. "तुला त्रास नको," एवढंच म्हणाले. मुलगी माझ्याजवळ निजायला लागली. मी परकर छातीशी बांधून, न्हाणीघराचं दार लावून, मान वर करून आंघोळ करायला शिकले. मी कधी खाली बघितलं नाही. पोलक्यात आत जुन्या धोतराचे तुकडे आणि कापूस कोंबायची. कापूस हलका, चालता चालता वर गळ्यापाशी यायचा. मग पदर ओढून घ्यायचा, खांदा पुढं झुकवायचा. हे माझ्याशी जपून बोलायचे. चहाचा कप देताना बोट लागू नये अशा बेतानं तो खाली ठेवायचे. दवाखान्यात मला सांगितलं होतं, "तुम्ही बऱ्या झालात." मी बरी झाले होते, आणि माझा नवरा मला घरी आलेल्या पाहुणीसारखं वागवत होता.

शस्त्रक्रियेनंतर क्ष-किरणांचे शेक घ्यायला जावं लागायचं. बायका त्याला नुसतं ‘लाइट’ म्हणत. आधी छातीवर, मग पाळी बंद व्हावी म्हणून ओटीपोटावर. सरोजाक्काचा आणि माझा नंबर एकाच दिवशी लागायचा, म्हणजे आम्ही तासन्‌तास एका बाकावर. तिथंच आमची खरी ओळख झाली. अंगाची एकदम आग व्हायची, घाम फुटायचा, पाच मिनिटांनी थंडी. दोघींनाही एकदमच झालं की ती हसायची आणि पदरानं आधी मला वारा घालायची. अशाच एका दिवशी, गवळी परत दूध घालायला लागला असं सांगावं तितक्या सहज ती म्हणाली, "आमचं परत सुरू झालं, कुसुम."

"काय?"

"काय म्हणजे? नवराबायकोचं."

मी आजूबाजूला पाहिलं. बाकावर दुसरं कुणी नव्हतं. ती बोलतच राहिली. पहिल्यांदा ती फार रडली म्हणे. एवढं दुखलं. आत सगळं कोरडं, भाकरीच्या पिठाला पाणीच कमी पडावं तसं. "मला वाटलं माझं मनच मेलं. त्यांच्यावरची मायाच आटली, असं वाटलं. मग मी त्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, बस. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. पोटावर लाइट दिली की पाळी थांबते, आणि पाळीबरोबर तो ओलावापण जातो. त्यात मनाचा काही दोष नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिला आणखीही सांगितलं होतं. हा आजार नवऱ्याला लागत नाही. जवळ आल्यानं तो परतही येत नाही. साधं खोबरेल तेल वापरायचं, घाई करायची नाही, दुखलं तर थांबायचं, रक्त दिसलं तर येऊन दाखवायचं. ज्या बाजूचं काढलं तो हात सुजतो, त्याच्याखाली उशी घ्यायची आणि भार दुसऱ्या कुशीवर ठेवायचा. "आणि एक," सरोजाक्का म्हणाली, "नको वाटलं त्या दिवशी नको म्हणायचं. बरी झाले म्हणून उपकार फेडायचे नाहीत कुणाचे."

मी ऐकत होते.  एक माणूस तुम्हाला जिन्याचा कठडा दाखवतो आहे, आणि तुम्ही अंधारात चाचपडत असूनही तो धरायला हात पुढं करत नाही, तसं माझं झालं होतं. कारण माझ्या मनात एकच गोष्ट होती. हिला आहे. हिचंही तेच कापलं, तेच भाजलं, वयानं मोठी, रूपानं माझ्याहून डावी… आणि हिला आहे.

"तुमचं कसं आहे?" तिनं विचारलं.

"आहे की," मी म्हणाले. "अगदी पूर्वीसारखं."

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "सरी," म्हणाली. "बरं झालं."

त्यानंतर चार-पाच दिवसांनी तिनं मला चिकपेटेत बोलावलं. खाली गणपतरावांचं दुकान, दोन मशिनं आणि कापायचं मेज, वर लाकडी जिन्यानं गेलं की त्यांची एकच खोली. तिनं माझ्यासाठी एक पिशवी शिवली होती, मऊ लाल मांजरपाटाची, आत मोहरी भरलेली, आणि ती बसवायला आतून खिसा असलेली चोळी. "कापूस नको. हलका, पळतो. मोहरीला वजन आहे, अंगाची ऊब धरते, वाकलं तरी जागेवर राहते." तिनं स्वतःच्या हातानं ती मला बसवून दिली. सहा महिन्यांनी मी ताठ उभी राहिले. खांदे सरळ झाले, आणि मला रडू आलं. ती म्हणाली, "रड, रड, मोहरी भिजली तरी चालते." आणि मी रडता रडता कोपऱ्यातल्या त्यांच्या अंथरुणाकडे बघत होते. एकच गादी, एकच वाकळ, आणि एकावर एक ठेवलेल्या तीन उशा.

 पावसाळा सरत आला होता. मुलीसाठी लोकर आणायला मी एका गुरुवारी संध्याकाळी चिकपेटेत गेले होते. लोकरीच्या दुकानातून बाहेर पडले, आणि समोर त्या लाकडी जिन्यावरून आमचे हे उतरताना दिसले. वरच्या पायरीवर सरोजाक्का उभी होती. ती काहीतरी बोलली, ह्यांनी वळून वर पाहिलं आणि हसून मान हलवली. आठ महिन्यांत ह्यांना मी तसं हसताना पाहिलं नव्हतं. मी शेजारच्या बांगड्यांच्या दुकानात शिरले. दुकानदारानं "काय हवं अक्का" म्हणून विचारलं, आणि मी नको असलेल्या हिरव्या बांगड्या हातात घेऊन, हे गर्दीत दिसेनासे होईपर्यंत उभी राहिले.

हे घरी आल्यावर मी विचारलं, "उशीर झाला?"

"कचेरीत काम होतं," हे म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

दुसऱ्या गुरुवारीही उशीर. तिसऱ्या गुरुवारीही. बायकोचा संशय कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण माझा संशय वेगळाच होता. इतके दिवस मी स्वतःला समजावलं होतं की ह्यांना माझ्या त्या जागेची किळस येते, आणि पुरुषाला यायचीच. पण सरोजाक्कालाही तीच जागा होती. मग अडचण त्या जागेची नव्हती. अडचण माझी होती. मी त्यांना नको होते, सबंध असते तरी नको झाले असते. हा विचार मला त्या कापण्याहून जास्त लागला. सरोजाक्का एकदा घरी आली, माहेरहून आणलेलं देवनहळ्ळीचं मोठं चकोत, म्हणजे आपण पपनस म्हणतो ते, पिशवीत घेऊन. मी ते दारातच घेतलं. घरात पाहुणे आहेत म्हणाले. पाहुणे नव्हते, आणि तिला आत कुणाचा आवाजही आला नसणार. ती "सरी" म्हणून गेली. ते फळ मी कापलंच नाही. पंधरा दिवसांनी सुकून गेलं तेव्हा टाकून दिलं.

चौथ्या गुरुवारी मी ह्यांच्या आधी तिथं पोचले. खाली गणपतराव मशिनवर होते. त्यांच्याशी न बोलता मी सरळ वर गेले. सरोजाक्का भिंतीला तोंड करून उभी होती, सुजलेल्या हाताची बोटं भिंतीवरून एक एक करत वर चढवत होती. तो व्यायाम आम्हा दोघींनाही दिला होता. मी कधीच सोडून दिला होता.

"माझा नवरा तुझ्याकडे का येतो?" मी विचारलं.

तिनं हात खाली घेतला. रागावली नाही, घाबरलीही नाही. "माझ्याकडे नाही येत. आमच्या टेलरकडे येतात तुझे यजमान. बस."

"मी बसायला आले नाही."

"मग उभ्यानं ऐक." ती खाटल्यावर टेकली. "दीड-दोन महिने येतायत. पहिल्या गुरुवारी आले, सदऱ्याचं बटण लावून घेतलं. दुसऱ्या गुरुवारी दुसरं बटण. टेलर वर येऊन मला म्हणाले, त्या माणसानं हे बटण घरी उपटून आणलंय. मशिनपाशी अर्धा अर्धा तास बसायचे, पावसापाण्याचं बोलायचे. तिसऱ्या खेपेला त्यांनी टेलरना विचारलं… तिला हात लावला तर दुखेल का? टेलरना काय सांगावं कळेना. ते त्यांना वर माझ्याकडे घेऊन आले."

"आणि तू सांगितलंस."

"सांगितलं. तुला बाकावर सांगितलं होतं तेच सगळं. बाईमाणसानं परपुरुषाला सांगू नये ते सांगितलं. मान खाली घालून ऐकत होते. आणि तेव्हा मला कळलं की तू माझ्याशी खोटं बोललीस. पूर्वीसारखं म्हणालीस. पूर्वीसारखं तर माझंही नाही, कुसुम."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नवरा माझाच होता, माझ्यासाठीच इथं येत होता. पण मला आधीपेक्षा जास्त राग आला. "माझ्या अंगाबद्दल त्यांनी तुला विचारलं," मी म्हणाले. "मी घरात होते. सहा हातांवर होते. मला नाही विचारलं."

"तू त्यांना विचारलंस?" ती म्हणाली.

मी जिना उतरले, आणि खाली दुकानात येणाऱ्या ह्यांच्यासमोरच उभी राहिले. गणपतरावांनी मशिन थांबवलं. आम्ही दोघं सिटी मार्केटपर्यंत चालत गेलो, आणि बसमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसून घरी आलो.

 रविवारी दुपारी मुलगी शेजारी खेळायला गेली. हे बाहेरच्या खोलीत गादीवर पडले होते. मी दारात जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "ही गादी इथं का आणलीत ते मला सांगा. सरोजाक्काला नाही, मला."

हे उठून बसले. आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होते. मग म्हणाले, "दवाखान्यातनं आल्यावर पहिल्या रात्री झोपेत माझा हात तुझ्यावर पडला. तू ओरडलीस. झोपेतच ओरडलीस, तुला आठवणारही नाही. मला वाटलं, शिवण उसवली. मी भ्यालो. मग तू रोज पाठ करून निजायला लागलीस. मला वाटलं, तुला नको आहे."

"आणि मला वाटलं, तुम्हाला किळस येते."

"मी अजून बघितलं कुठं आहे?" हे म्हणाले.

खरंच होतं. मीही बघितलं नव्हतं. मी दाराची कडी लावली आणि चोळीची गाठ सोडली. आम्ही दोघांनी एकदमच पाहिलं. मला वाटलं होतं त्याहून ते वाईट नव्हतं आणि बरंही नव्हतं. फासळ्यांवर ताणून बसवलेली काळपट कातडी, आणि आडवी जाड रेघ. ह्यांनी हात पुढं केला, मधेच थांबवला. "दुखतं?"

"दुखत नाही. तिथं काही कळतच नाही. कडेला कळतं."

ह्यांनी कडेला बोट ठेवलं. मला कळलं.

नंतर काय झालं ते सगळं लिहिणार नाही. पण एक सांगते. हे उठले, उशी घेऊन आले, आणि माझा डावा हात उचलून अलगद तिच्यावर ठेवला. मला कुणी न सांगता ठाऊक होतं की ही उशी कुणाची आहे. हे शब्द, ही सबुरी, "घाई नाही" म्हणताना आलेला तो सूरसुद्धा. माझा नवरा मला परत मिळाला तो दुसऱ्या बाईनं शिकवून पाठवलेला. त्या क्षणीही, डोळ्यांतून पाणी येत असताना, मला तिचा हेवा वाटला. त्या दिवशी फारसं काही जमलंही नाही, दुखलं, आम्ही थांबलो. पण गादी आत आली. मुलीची आम्ही बाहेरच्या खोलीत केली. महिन्या-दीड महिन्यानं जमलं, आणि तेव्हा मला त्या कोरडेपणाची भीती राहिली नव्हती. कपाटात खोबरेलाची छोटी बाटली असायची. पूर्वीसारखं नव्हतं. पूर्वी आम्ही कधी एकमेकांना विचारलंच नव्हतं, कसं वाटतं म्हणून. आता विचारायचो.

सरोजाक्काकडे मी दोन महिन्यांनी गेले.  तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "कॉफी घेणार?" तेवढंच. पुढं आम्ही जयनगरला राहायला आलो, मुलीचं लग्न झालं, आणि अकरा वर्षं ती माझी मैत्रीण होती. मला तिच्याइतकं जवळचं कुणी नव्हतं, आणि तिच्याइतका हेवाही मी कुणाचा केला नाही. दर बुधवारी ती त्या दवाखान्यात जाऊन नव्यानं शस्त्रक्रिया झालेल्या बायकांच्या खाटेशी बसायची. बायका तिला काय काय विचारायच्या. मला ती दोनदा घेऊन गेली. पहिल्यांदा मी नुसती बसून राहिले. दुसऱ्यांदा एका तरुण मुलीनं तिचा हात धरून ठेवला, आणि मला वाटलं, हे माझं होतं, ही आता सगळ्यांना वाटत सुटली आहे. मी परत गेले नाही. "मला तुझ्यासारखं बोलता येत नाही," म्हणाले. ती म्हणाली, "सरी."

गेल्या वर्षी तिच्या पाठीत दुखायला लागलं. आम्हा दोघींनाही पहिल्याच दिवशी कळलं होतं, तरी दोघी वाऱ्याचं दुखणं म्हणत राहिलो. आजार हाडांत गेला होता. शेवटच्या महिन्यात मी रोज जायची. एका दुपारी ती उशांना टेकून बसली होती, गणपतराव खाली गिऱ्हाईकाकडे गेले होते. ह्या बाईला सांगायचं राहून जाईल, असं माझ्या मनात आलं आणि मी म्हणाले, "सरोजाक्का, मला तुझा फार हेवा वाटायचा. सगळी वर्षं. अजून वाटतो."

"ठाऊक आहे की," ती म्हणाली. "तू मला तोंड फिरवून मिठी मारायचीस." तिला श्वास लागत होता. "मलापण तुझा वाटतो. आत्ताच नाही, वर्षभर वाटतोय. दोघींना एकाच आठवड्यात कापलं. तुझं परत आलं नाही. तू म्हातारी होशील… तुझे यजमान तुला म्हातारी झालेली बघतील. आमच्या टेलरना मी ते दाखवू शकत नाही." मग तिनं डोळे मिटले. "बरं वाटलं बोलून. तू काही बोलू नको त्यावर."

मी तिच्या सुजलेल्या हाताखाली उशी सरकवली. 

मागच्या बुधवारी गणपतरावांना भेटायला गेले होते. ते मशिनवर बसले होते, पण सुईखाली कापड नव्हतं. आम्ही इकडचं तिकडचं बोलत होतो, तेवढ्यात दुकानाच्या पायरीशी एक बाई येऊन थबकली. तिशीची असेल. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला, डावा खांदा पुढं झुकलेला. दवाखान्यातल्या सिस्टरनी पत्ता दिला म्हणाली. सरोजाक्का हल्ली बुधवारी येत नाहीत असं कळलं, म्हणून स्वतःच आली होती. गणपतरावांनी माझ्याकडे पाहिलं. 

मी उठले आणि तिला वर घेऊन गेले. खोली तशीच होती. तिला खाटल्यावर बसवलं, पाणी दिलं. ती ते सगळं एका दमात प्याली आणि भांडं हातात तसंच धरून तिनं विचारलं, "तुम्हीच का सरोजाक्का?"

आयुष्यात एकदा तरी हे कुणी मला विचारावं, असं माझ्या मनात किती वर्षं होतं ते मला त्या वेळी कळलं. ‘हो’ माझ्या जिभेवर आलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "सरोजाक्का गेल्या, सहा आठवडे झाले. मी कुसुम. माझंही झालंय, तुझ्याच बाजूचं."

 मग तिनं जिन्याकडे पाहिलं, खाली गणपतरावांकडे आवाज जाईल का म्हणून. मी उठून दार लोटलं, परत येऊन तिच्याजवळ बसले, आणि ती बोलायला लागेपर्यंत थांबले.